कव्हर बघताना मी आधी प्लेटा मोजते

रेकॉर्डचं कव्हर समोर आलं की बहुतेक लोक आधी गायकाचं नाव वाचतात. मी रंग मोजते, कारण प्रत्येक रंगाला छपाईची वेगळी प्लेट लागते आणि प्लेट म्हणजे खर्च. जॉब दुरंगी की फोर कलर, सॉलिड (पूर्ण भरलेला रंग) कुठे, टिंट (तोच रंग फिका) कुठे, अक्षरं रिव्हर्समध्ये (रंगात कागद कोरा ठेवून) सोडलीत का, लॅमिनेशन आहे का, डाय मारलाय का (साच्याने भोक किंवा आकार कापलाय का). कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचा ऑफसेट प्रेस होता. शाळा सुटली की पावती पुस्तकांचे नंबर तपासायचे आणि लग्नपत्रिकांना घड्या घालायच्या, हे आम्हा भावंडांचं ठरलेलं काम. आता प्रेस नाही. मी पुण्यात प्री-प्रेसचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेली डिझाइनं छपाईला जायच्या आधी तपासते आणि दोन्हीकडच्या शिव्या खाते. अशा बाईला कुठलंही देखणं छापील काम दाखवा, तिच्या डोक्यात आधी बिल उभं राहतं.

अल्बम कव्हरांबद्दल जे लिहिलं जातं त्यात बिल कधीच नसतं. निळा म्हणजे उदासी, तिरकी अक्षरं म्हणजे बंडखोरी, मोकळी जागा म्हणजे एकटेपणा. असेलही. पण निळा घेतला तेव्हा त्याच्या जोडीला आणखी एखादा रंग परवडत होता का, हे कुणीतरी विचारायला नको? गाजलेली कितीतरी कव्हरं आधी पैशाच्या गणितातून सुटलेली आहेत. ते गणित कळल्यावर मला ती जास्त आवडायला लागली.

मुळात रेकॉर्डवर चित्र असावं ही कल्पनाच उशिरा सुचलेली. ७८ आरपीएमच्या काळात चार-पाच तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकत. बाहेरून करडा नाहीतर तपकिरी कागद, कण्यावर नाव, संपलं. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस हा तरुण १९३९ मध्ये आर्ट डायरेक्टर म्हणून लागला आणि यावर चित्र छापू या म्हणून मागे लागला. विक्री वाढली, मग बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. १९४८ मध्ये लाँग प्ले आली, तिच्यासाठी पातळ पुठ्ठ्याचं पाकीटही त्यानेच बसवलं. बारा इंचांचा चौकोन तिथून सुरू होतो.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येते. ब्लू नोट.

ही न्यूयॉर्कची जॅझ कंपनी, १९३९ ची. आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे दोघे बर्लिनचे बालमित्र, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू. लायन रेकॉर्डिंग करायचा. वुल्फ व्यवहार बघायचा आणि रेकॉर्डिंग चालू असताना हातात फ्लॅश धरून वादकांचे फोटो काढायचा. १९५६ च्या सुमारास त्यांच्याकडे डिझायनर रीड माइल्स आला आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्याने जवळपास पाचशे कव्हरं केली. एका कव्हरचे पन्नास डॉलर मिळायचे. गंमत म्हणजे त्याला जॅझचं फारसं प्रेम नव्हतं. मिळालेल्या रेकॉर्डी देऊन तो पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या घेऊन यायचा. लायन त्याला सांगायचा, या वेळी रेकॉर्डिंग असं झालं, वाजवणाऱ्यांचा रोख असा होता, आणि तेवढ्यावर माइल्स कामाला लागायचा.

कंपनी छोटी होती, म्हणून बहुतेक वेळा रंग एक किंवा दोन. काळा आणि सोबत आणखी एक. डिझाइनवाले याला मर्यादा म्हणतात. आमच्या प्रेसमध्ये हे रोजचंच होतं, त्यामुळे दोन प्लेटांत काय काय मिळतं ते मला तोंडपाठ आहे. काळा मिळतो. दुसरा रंग, समजा निळा, तो मिळतो. निळ्यावर काळा चढला की त्या दोघांहून गडद असा तिसरा मिळतो. दोन्ही प्लेटांवर जागा सोडली की कागदाचा पांढरा मिळतो, तोही फुकट. शिवाय प्रत्येकाचे दहा टक्के, तीस टक्के असे टिंट. ज्याला हे खेळता येतं त्याला दोन प्लेटा भरपूर होतात. ज्याला येत नाही त्याला चारही पुरत नाहीत, हे मी रोज बघते.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'ब्लू ट्रेन' घ्या, १९५७ मध्ये रेकॉर्ड झालेलं. सगळा फोटो निळ्यात बुडालेला, आणि त्यात स्वतःच्याच विचारात हरवलेला, बोट ओठांशी नेलेला माणूस. या कव्हरवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला त्यात मशीनमनचं सुख दिसतं. फोर कलरमध्ये चेहरा छापायचा म्हणजे चारही प्लेटा केसभरही न हलता एकावर एक बसल्या पाहिजेत. रजिस्टर जरा सरकलं की ओठ दोन, डोळे चार. पण काळ्या हाफटोनखाली, म्हणजे काळ्या ठिपक्यांत फोडलेल्या फोटोखाली, निळ्याचा सपाट थर दिला, तर निळी प्लेट थोडी इकडेतिकडे झाली तरी चेहऱ्याला काही होत नाही, कारण चेहऱ्याचा सगळा तपशील काळ्यात आहे. दुय्यम मशीनवर, घाईत, हजारोंच्या संख्येने छापा, माणूस शाबूत राहतो. हे माइल्सच्या मनात होतं की नाही त्याचं त्याला ठाऊक, पण छापणाऱ्यांनी त्याला दुवा दिला असणार.

वुल्फच्या फोटोंचाही यात हात आहे. अंधाऱ्या स्टुडिओत फ्लॅश मारल्यामुळे माणसामागे बऱ्याचदा दाट काळोख येतो. असा काळोख म्हणजे नाव लिहायला तयार जागा. पांढरं अक्षर त्यात रिव्हर्समध्ये सोडा, लांबून वाचता येईल. मागे खिडक्या, पडदे, माणसं असती तर त्यावर अक्षर कुठे बसवणार? आमच्याकडे लग्नाच्या फोटोवर "शुभविवाह" टाकून मागायचे, आणि मागे शामियान्याची झालर. त्या झालरीत ते अक्षर शोधावं लागायचं.

आणि मग अक्षरं. १९६४ मध्ये रेकॉर्ड झालेलं जॅकी मॅक्लीनचं 'इट्स टाइम!' ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आत्ता शोधून बघा, मी थांबते. पांढऱ्या कागदावर काळ्या उद्गारचिन्हांच्या रांगाच रांगा, शेकडो, आणि वर कोपऱ्यात वादकाचा टिकलीएवढा फोटो. बस. एक चिन्ह घेतलं आणि ते परत परत लावलं. खर्च जवळपास शून्य. पण बघताना डोळा रांगेवरून घसरत जातो आणि ठेका ऐकू येतो. फ्रेडी हबर्डच्या 'हब-टोन्स'वर काळ्या उभ्या पट्ट्या आहेत आणि त्यातली एक खाली सरकलेली. कुणीतरी कळ दाबली आहे. काळी पट्टी म्हणजे प्रेसमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, रूल! आमचे आण्णा बिलबुकाच्या रकान्यांसाठी तोच रूल वापरायचे. तो एक इंच खाली सरकवला की ट्रम्पेट वाजतो, हे कोल्हापुरात कुणाला सुचलं नाही. आम्हालाही नाही.

मोठ्या अक्षरांबरोबर छोटा फोटो, ही माइल्सची नेहमीची युक्ती. याचंही एक उत्तर छपाईत आहे. फोटो मोठा केला की त्याचे दाणे फुटतात, लहान ठेवला की तो करकरीत राहतो. अक्षराला ती अडचण नाही, ते भिंतीएवढं केलं तरी त्याची कड तशीच. म्हणजे मोठं कुणी व्हायचं आणि लहान कुणी राहायचं हे निम्मं आधीच ठरलेलं असतं. पण सगळं श्रेय छपाईला देऊन मी मोकळी होणार नाही. त्याच छपाईत, तेवढ्याच पैशात, बाकीच्या कंपन्या हसरा चेहरा आणि खाली नाव एवढंच करत होत्या.

माइल्स फोटो निर्दयपणे कापायचा. 'कूल स्ट्रटिन'वर तर एका बाईचे फुटपाथवर चालणारे पायच आहेत, बाकीची बाई गायब. वादकांची कपाळंही त्याने बेधडक छाटली, आणि वुल्फला ते अजिबात खपायचं नाही. मला दोघांची बाजू पटते. वुल्फने तो माणूस वाजवताना समोर बघितलेला, त्याला तो अख्खा हवा. माइल्सला फक्त त्याच्यातला जोर हवा.

त्याचं एक कव्हर मात्र मला अजून नीट बघवत नाही. एरिक डॉल्फीचं 'आउट टू लंच!', फेब्रुवारी १९६४ चं रेकॉर्डिंग. फोटो माइल्सने स्वतः काढलेला. दुकानाच्या दारात "परत येतो" अशा अर्थाची पाटी, तिच्यावर खोटं घड्याळ, आणि त्या घड्याळाला इतके काटे की परत कधी येणार ते कळूच नये. आतल्या संगीताच्या तालाला हे चित्र इतकं बरोबर बसतं की हसू येतं. त्याच वर्षी जूनमध्ये डॉल्फी बर्लिनमध्ये वारला, अवघा छत्तीस वर्षांचा. रेकॉर्ड बाजारात आली ती नंतर, हीच पाटी घेऊन.

ब्लू नोटच्या अगदी उलट टोकाला बीटल्स. त्यांच्या पैशाला तळ नव्हता. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'चं कव्हर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी उभं केलं, शब्दशः उभं, नामवंतांचे पुठ्ठ्याचे कटआउट आणि मेणाचे पुतळे रचून. साधारण कव्हरला पन्नास पौंड लागायचे तिथे खर्च तीन हजारांच्या घरात गेला. ब्लेकला स्वतःला मिळाले दोनशे. त्या गर्दीत गांधीजीही होते. त्यांची रेकॉर्ड कंपनी ईएमआय, तिच्या अध्यक्षांना भीती वाटली की भारतात लोक दुखावतील, म्हणून त्यांना काढलं. पैसा अडला नाही, बाजार अडला.

पण माझं आवडतं बीटल्स कव्हर पुढच्या वर्षीचं, ते पांढरं. रिचर्ड हॅमिल्टनने केलेलं. पांढरा पुठ्ठा, त्यावर शाई न लावता एम्बॉस केलेलं, म्हणजे दाबून उठवलेलं, बँडचं नाव, तेही किंचित तिरकं, आणि खाली छापलेला क्रमांक. सुरुवातीच्या छपाईत प्रत्येक प्रतीला वेगळा. कलेच्या पुस्तकांत याच्यावर खूप गहन लिहिलेलं असतं, लाखोंनी छापल्या जाणाऱ्या वस्तूला चित्राच्या मर्यादित आवृत्तीसारखा नंबर देण्याची थट्टा वगैरे. ते खरंच आहे. पण ज्या पोरीने सुट्टीत पावती पुस्तकांवरचे नंबर सलग आहेत का ते तपासलंय तिला आधी त्या मशीनची चाकं आठवतात, दर छाप्याला एकेक पुढे सरकणारी, आणि मधेच अडकून दोन पावत्यांना एकच नंबर देणारी. बीटल्समधल्या रिंगो स्टारची सात आकडी ००००००१ नंबरची प्रत २०१५ मध्ये लिलावात ७,९०,००० डॉलरला गेली. आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, नंबरिंगचे वेगळे पैसे घेतले होते का?

बिलाकडे न बघता केलेल्या कव्हरांचा मेरुमणी म्हणजे 'ब्लू मंडे'. न्यू ऑर्डर या बँडचं बारा इंची सिंगल, मार्च १९८३, मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचं. पीटर सॅव्हिल हा त्यांचा डिझायनर. त्याच्या चार वर्षं आधी, जॉय डिव्हिजन या बँडसाठी त्याने काळ्या कव्हरवर एका पल्सार ताऱ्याच्या स्पंदनांच्या पांढऱ्या रेघा छापल्या होत्या, ज्या आता जगभरच्या टी-शर्टांवर आहेत. मूळ आलेख पांढऱ्यावर काळा होता, याने तो उलटवला. एकरंगी जॉब. तोच माणूस न्यू ऑर्डरच्या स्टुडिओत सव्वापाच इंची फ्लॉपी बघतो आणि ठरवतो की कव्हर असं पाहिजे. मोठी काळी फ्लॉपी, तिला खऱ्या फ्लॉपीसारखी भोकं, भोकांतून दिसणारं आतलं चंदेरी पाकीट. बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. कडेला रंगीत चौकोन, ती सांकेतिक लिपी. तिची किल्ली बँडच्या त्याच वर्षीच्या अल्बमच्या मागे, ज्याच्या पुढे फाँतँ-लातूरचं १८९० चं गुलाबांच्या टोपलीचं चित्र आहे.

आता प्री-प्रेसवालीच्या नजरेने मोजा. चौकोनांसाठी जादा रंग. भोकांसाठी डाय बनवा, प्रत्येक पाकीट पंचिंगला लावा, एक फेरी. भोकाशी पुठ्ठा फाटला की तो वेस्टेज. चंदेरी पाकीट वेगळं. कंपनीचे टोनी विल्सन पुढे सांगत फिरायचे की प्रत्येक प्रतीमागे आम्ही काही पेन्स घालवत होतो. आकडा दर वेळी बदलायचा आणि ही कथा कितपत खरी यावर वादही आहेत. मात्र गाणं ब्रिटनमधलं सर्वाधिक खपलेलं बारा इंची सिंगल ठरलं, आणि नंतरच्या छपाईत भोकं गेली. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, चला, कुणीतरी शेवटी कोटेशन वाचलं.

मला हे कव्हर आवडतं का? हो, वस्तू म्हणून फारच. पण ब्लू नोटसमोर ठेवलं तर मी दरवेळी उद्गारचिन्हांकडेच वळेन.

आता जरा आपल्याकडे. आमच्या प्रेसला एकेकाळी कॅसेटच्या इनले कार्डांचं, म्हणजे डबीत बसणाऱ्या छापील कव्हरांचं, काम यायचं. ज्योतिबाची गाणी, अंबाबाईच्या आरत्या, पोवाडे, लावण्या. कॅसेटचा दर्शनी भाग जेमतेम अडीच इंच बाय चार इंच, आणि त्यात काय काय कोंबायचं? देव, देवळाचा कळस, गायक, गायिका, कधी गीतकाराचाही पासपोर्ट फोटो, कंपनीचं चिन्ह, किंमत, आणि चांगभलं! हे बघून आता डिझाइनचे विद्यार्थी हसतात, "किट्श", म्हणजे भडक आणि सवंग, म्हणतात. मला राग येतो. ती कॅसेट चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीच्या पायऱ्यांवर, नारळ आणि गुलालाच्या ढिगाशेजारी, उन्हात विकायची होती. गिऱ्हाईक चालत असतं, गर्दी मागून ढकलते, आणि ते नाव वाचत नाही, देव ओळखतं आणि गायकाचा चेहरा ओळखतं. तिथे पांढरी मोकळी जागा ठेवली असती तर लोकांना वाटलं असतं कोरी कॅसेट आहे.

आणि त्या सगळ्या चेहऱ्यांवर लाली का असायची, हेही सांगते. एका शीटवर बारा इनले एकत्र बसवायचे, म्हणजे फोर कलरच्या प्लेटांचा खर्च बारा जणांत वाटला जायचा. इथे ब्लू नोटचं गणित उलटं होतं, चार रंगच स्वस्त पडायचे. पण मशीनवर शाई पट्ट्या-पट्ट्यांनी कमीजास्त होते. ज्योतिबाचा गुलाल उठावा म्हणून मॅजेंटा वाढवला की त्याच रांगेतला पुढचा शाहीर लालबुंद. आमचे मशीनमन, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते शीट उजेडाला धरून म्हणायचे, "देव बरा आलाय, माणसांचं बघू." देवाला प्राधान्य होतंच, शिवाय त्या कॅसेटची ऑर्डर मोठी असायची.

हल्ली यातलं काहीच उरलं नाही. सिंगल म्हणजे तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलची एक फाइल. रंग कितीही घ्या, प्लेट नाही, डाय नाही, वेस्टेज नाही. किंमत आणि फोन नंबर टाकायला तर अ‍ॅपवाल्यांची बंदीच. आणि एवढी मोठी फाइल करून लोक ती बघतात नखाएवढी. त्या नखात टिकतं काय? सपाट रंग, जाड अक्षर, कापलेला चेहरा. पन्नास डॉलरवाल्याने केलेलं सगळं. 'इट्स टाइम!' फोनवर अंगठ्याखाली लहान करून बघा, ठेका अजून आहे. 'सार्जंट पेपर'ची मात्र रंगीबेरंगी चटणी होते.

गेल्या महिन्यात भाच्याच्या मित्राने त्याच्या रॅपच्या सिंगलसाठी कव्हर करून मागितलं. कोल्हापूरचाच मुलगा, गाणं पंचगंगेच्या पुरावर. फोटो चांगला होता, रात्री मोबाइलच्या टॉर्चवर काढलेला, मागे काळोख. मी काळा आणि गढूळ पिवळा असे दोनच रंग घेतले, पाण्याची पातळी दाखवायची म्हणून खालचा अर्धा भाग पिवळ्याने सपाट भरला आणि चेहरा भुवयांपर्यंत कापून वरच्या कडेला चिकटवला. त्याने विचारलं, मावशी, रंग फुकट असताना दोनच का? मी त्याला कोल्ट्रेन दाखवला. त्याला पटलं, निदान तसं म्हणाला तरी. रात्री त्याच्या आईचा फोन आला. बाकी काय करायचं ते करा ताई, पण पोराचं कपाळ कापू नका, नाद करू नका त्याचा.

मी कपाळ परत लावलं आणि हनुवटी पुराच्या पाण्याखाली घातली. त्यावर अजून फोन आलेला नाही.